केदारनाथहून उतरून त्याच रात्री हरिद्वारची रेल्वे पकडता येईल का?

नाही. तिकीट अजून बदलता येत असेल तर आजच बदला, बाकीचं नंतर वाचा.

तुमचा बेत मला कळला तो असा. मेच्या शेवटच्या आठवड्यात आई (वय ६३) आणि बाबा (वय ६८) यांना घेऊन केदारनाथला जायचं, वर एक मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघून अकराच्या आत गौरीकुंड (जिथून पायवाट सुरू होते ते गाव), रात्री दहापर्यंत हरिद्वार आणि साडेअकराची गाडी. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून चढताना घोडा, आणि ‘येताना काय, उतारच आहे’ म्हणून परत येताना सगळे चालत. मी महाराष्ट्रातून चारधामचे गट नेतो आणि हा बेत दर सीझनला कोणी ना कोणी घेऊन येतं. जायची तयारी सगळे महिनाभर करतात. परतीचा विचार मात्र ‘मग काय, खालीच यायचंय’ एवढ्यावर संपतो. दमछाक चढताना होते हे खरं, पण पाय मुरगळणं, घोड्यावरून पडणं, गाडीत उलट्या, रेल्वे चुकणं हे सगळं मला बहुतेक वेळा परतीच्या वाटेवरच बघायला मिळालं आहे.

आधी हिशोब करू. केदारनाथ साधारण ३,५८० मीटरवर, गौरीकुंड १,९८० च्या आसपास. म्हणजे सोळा किलोमीटरमध्ये सोळाशे मीटर उतरायचं. २०१३ च्या पुराआधी ही वाट चौदा किलोमीटरची होती. पुरात वाटेवरचं रामबाडा गाव वाहून गेल्यावर वरचा टप्पा मंदाकिनी नदीच्या पलीकडच्या काठाने, लिंचोलीवरून नवा काढला, त्यात अंतरही वाढलं आणि चढही. साठीच्या पुढच्या माणसाला, वाटेत चहापाणी धरून, उतरायला सात-आठ तास लागतात. सहाला निघालात (चारला का नको ते पुढे सांगतो) तर गौरीकुंडात दोन वाजतात. तिथून सोनप्रयाग फक्त पाच किलोमीटर, पण आपली गाडी गौरीकुंडापर्यंत येत नाही. स्थानिक जीपच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि मे-जूनच्या गर्दीत ही रांग तास-दीड तास सहज खाते. म्हणजे सोनप्रयागला साडेतीन-चार. पुढे ऋषिकेश २१० किलोमीटर, हरिद्वार त्याच्याही पुढे पंचवीस. डोंगरातल्या रस्त्याला सीझनमध्ये हे आठ-नऊ तासांचं काम आहे, तेही कुठे दरड नसेल तर. शिवाय रात्री ठरावीक वेळेनंतर यात्रामार्गावर पोलीस गाड्या अडवतात, आणि अडवतात ते बरंच करतात. दोन दिवस पार्किंगमध्ये अर्धवट झोपलेल्या ड्रायव्हरला ‘भैया, जरा जल्दी’ म्हणत देवप्रयागची वळणं अंधारात काढायला लावणं यासारखा मूर्खपणा नाही.

कोणी ‘आम्ही नाही थांबत, सरळ उतरतो’ म्हणालं की मी त्यांना बाबा केदारची डोली सांगतो. भाऊबीजेला मंदिराचं कपाट, म्हणजे दार, हिवाळ्यासाठी बंद झालं की पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीतून खाली निघते, ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात हिवाळ्याच्या गादीवर बसायला. पहिला मुक्काम रामपूर, दुसरा गुप्तकाशीचं विश्वनाथ मंदिर आणि तिसऱ्या दिवशी ऊखीमठ. डोली वाहणारी माणसं तिथलीच, डोंगरात जन्मलेली. तरी वाटेत दोन मुक्काम होतातच. आपण तर पुण्या-नाशिकचे.

तेव्हा तुमचं वेळापत्रक असं करा. उतरायच्या दिवशी फक्त उतरायचं आणि रात्री सीतापूर, फाटा किंवा गुप्तकाशीला राहायचं. माझी पसंती गुप्तकाशीला. तेराशे मीटरच्या आसपासची उंची, थंडी सोसवणारी, रात्री छान झोप लागते. पण सोनप्रयागला पोचायला पाच वाजून गेले तर पुढे जाण्याचा हट्ट नको, दोन किलोमीटरवर सीतापूर आहे. जाताना मोठ्या बॅगा ज्या हॉटेलात ठेवाल, तिथेच परतीची खोलीही ठरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून संध्याकाळपर्यंत ऋषिकेश किंवा हरिद्वार. रेल्वे तिसऱ्या दिवशी, तीही दुपारनंतरची. मोकळा वेळ उरला तर गंगेवर बसा, कुणाचं काही बिघडत नाही.

आता बाबांचे गुडघे. इथे तुमचा बेत नेमका उलटा आहे. चढताना लागतो तो दम, तिथे काम हृदयाचं आणि फुप्फुसांचं. उतरताना प्रत्येक पावलाला अख्ख्या शरीराचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्याच्या वाटीवर येतो. घाट उतरणारी गाडी जशी सतत ब्रेकवर असते, तसे हे स्नायू सात तास ब्रेक धरून असतात. ते थकले की भार सरळ सांध्यावर जातो आणि पाय लटपटायला लागतात. त्यात ही वाट नुसता उतार नाही, ठिकठिकाणी ओबडधोबड दगडी पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे आधीच झिजलेले आहेत त्यांनी हृदयाची तक्रार नसेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर चढताना थोडं चालावं, पण उतरताना चालूच नये.

मग घोड्यावर का? बाबांसाठी तोही नको. उतारावर जनावर पुढे झुकतं, खोगीर मानेकडे सरकतं, स्वार पुढे फेकला जातो आणि मग तो घाबरून गुडघ्यांनीच घोड्याला आवळतो. गुडघेदुखीच्या माणसाला ते चार तास म्हणजे शिक्षा. बाबांसाठी डंडी करा, चार माणसं खांद्यावर नेतात ती. महाग आहे, पण या सहलीत पैसे कुठे खर्च करायचे असतील तर ते इथे. दर प्रशासन ठरवून देतं, नोंदणी काउंटरवरच करा आणि पावती खिशात ठेवा. वजनाने हलक्या व्यक्तीला कंडी चालते, म्हणजे पाठीवरची टोपली, पण तिच्यात पाय लोंबकळून बधिर होतात. तासातासाने उतरवून घ्यायला सांगावं. डंडीत माणूस हलत नाही, त्यामुळे थंडी खूप वाजते. उन्हात निघालात तरी बाबांच्या मांडीवर घोंगडी आणि वर रेनकोट असू द्या.

आईंना घोड्यावर बसवणार असाल तर काही गोष्टी घोडेवाल्याशी आधीच बोला. एका जनावरामागे एक माणूस हवा आणि त्याने लगाम हातात धरून चालायचं. दोन-तीन घोडी एकामागे एक बांधून एकटाच माणूस निघाला तर बसू नका. रिकिबीत पाऊल चवड्यापर्यंतच घालायचं, टाचेपर्यंत आत सरकवलं आणि घोडं घसरलं तर पाय अडकून माणूस फरफटतो. उतारावर पाठ मागे, पाय पुढे दाबलेले. पाठीवर सॅक नको, ती माणसाला मागे खेचते. लिंचोली ते रामबाडा हा फार उताराचा भाग आहे, तिथे ‘भैया, रोको’ म्हणून उतरून चालायला लाजू नका. घोडी मंदिरापर्यंत येत नाहीत, बरंच खाली चालत जाऊन ती घ्यावी लागतात, हेही वेळेत धरा.

डंडी, घोडा आणि चालणारे असे तुम्ही तिघं तीन वेगांनी उतराल. चुकामूक इथेच होते. घोड्यावरून आलेला माणूस गौरीकुंडात घोडा पडावला, म्हणजे घोड्यांच्या तळावर, उतरतो, डंडीवाले भलतीकडे सोडतात, मोबाइलला रेंज असतेच असं नाही, आणि जो आधी पोचतो तो काळजीने परत वर चढायला लागतो. वरून निघण्यापूर्वीच भेटायची एक जागा ठरवा. जाताना गौरीकुंडात एखादं ठळक दुकान आईबाबांना दाखवून ठेवा आणि ‘जो आधी येईल तो इथून हलणार नाही’ असं बजावा. दोघांच्या खिशात कागदावर नाव, तुमचा नंबर, हॉटेलचं नाव आणि चालू गोळ्यांची यादी. रोख पैसेही दोघांकडे वेगवेगळे ठेवा, रेंज गेली की यूपीआयही गेलं.

पहाटे चारला निघायचं खूळ डोक्यातून काढा. मेमध्ये वरच्या भागात वाटेच्या कडेला बर्फ असू शकतो, दिवसा वितळलेलं पाणी पहाटे दगडावर काचेसारखं गोठलेलं असतं आणि बॅटरीच्या उजेडात ते दिसत नाही. उजाडू द्या. आदल्या दिवशी दर्शन झालेलं असेल तर सकाळी पुन्हा रांग लावायचा मोह टाळा, शिखराला हात जोडा आणि सहा-साडेसहाला निघा. फार उशीरही नको, कारण डोंगरात दुपारनंतर आभाळ भरून येतं. साडेबारा-एकपर्यंत भीमबलीच्या खाली असलात तर बरं. रामबाड्याला पूल ओलांडून जुन्या काठाला आलात की निम्म्याहून जास्त अंतर उतरलं समजा. पुढे भीमबली, जंगलचट्टी आणि गौरीकुंड.

चालताना एक नियम सोन्यासारखा जपा: खेचर आलं की डोंगराच्या बाजूला व्हा, दरीच्या बाजूला कधीच नाही. चढणारी-उतरणारी जनावरं अरुंद जागी समोरासमोर आली की भाराने रुंद झालेलं पोट माणसाला सहज ढकलतं, आणि जनावराला त्याचा पत्ताही नसतो. घंटांचा आवाज आला की काठी डोंगराकडे टेकून उभं राहायचं, कळप पूर्ण जाऊ द्यायचा. दुसरं म्हणजे लीद. पावसाने भिजलेली लीद गुळगुळीत दगडावर पसरली की चांगल्या बुटांचाही निभाव लागत नाही. पाऊल लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पायरी उंच असेल तर आडवं वळून उतरा. काठी चढताना असते त्यापेक्षा जरा लांब हवी, कारण ती खालच्या पायरीवर टेकायची असते. गौरीकुंडात मिळणारी साधी लाकडी काठी चालते, मात्र तिला खाली लोखंडी टोक आहे का ते बघून घ्या.

बुटांबद्दल लोक चढायचा विचार करून माप घेतात. उतरताना पाऊल बुटात पुढे सरकत राहतं आणि अंगठा सारखा आपटतो. आमच्या एका गटातल्या काकू जंगलचट्टीला येऊन बसल्या, मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी-काळी. बूट कोरे करकरीत, मापाला अगदी चपखल, आणि नखं वाढलेली. चहावाल्याने गरम पाण्यात मीठ टाकून टोप पुढे सरकवला, पण उरलेले चार किलोमीटर त्यांनी बुटांची टाच दाबून, चपलेसारखे घालून काढले. तेव्हा निघायच्या दोन दिवस आधी नखं कापा, बूट अर्धा नंबर मोठा घ्या, आणि उतरायच्या सकाळी घोट्यापाशी नाडी घट्ट, चवड्यावर सैल अशी पुन्हा बांधा. हे शेवटचं दोन मिनिटांचं काम कोणी करत नाही.

वाटेत बसाल ते पाच-दहा मिनिटंच. अर्धा तास मांडी घालून बसलात की स्नायू आखडतात आणि उठताना आईगं होतं. आईंना मधुमेह असेल तर सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन चालायला लावू नका. इतक्या तासांच्या चालण्यात साखर एकदम खाली जाते आणि ‘दमले असतील’ म्हणून आपण दुर्लक्ष करतो. खिशात खडीसाखर, राजगिऱ्याची चिक्की. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी टाळतात, तेही नको.

उंचीचा त्रास उतरलं की कमी होतो, त्यामुळे हलकी डोकेदुखी किंवा भूक नसणं याने घाबरू नका. पण रात्री वर असतानाच कोणाचा तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर ‘सकाळी बघू’ हे वाक्य उच्चारायचं नाही. लगेच तिथल्या सरकारी दवाखान्यात न्या आणि तिथले डॉक्टर सांगतील तसं ताबडतोब खाली उतरवायची व्यवस्था करा.

हेलिकॉप्टरचं विचारलं नाहीत, पण विचाराल. फाटा, सिरसी, गुप्तकाशीहून ती उडतात, गुडघ्यांचा प्रश्न सुटतो हे खरं. मात्र परतीची फेरी हवामानावर असते, ढग खाली आले की उड्डाणं थांबतात आणि प्रवासी वर अडकतात. अशा वेळी ‘काहीही करून सोडा’ असा दबाव कोणी आणू नये. १५ जून २०२५ ला पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीला परतणारं हेलिकॉप्टर खराब हवेत गौरीकुंडजवळ कोसळून त्यातले सातही जण गेले. तिकीट काढलंत तरी वर एका जादा रात्रीची तयारी आणि गोळ्या जवळ ठेवा. सोनप्रयाग-केदारनाथ रोपवेला केंद्राने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे, ३६ मिनिटांत वर नेणार म्हणतात. पण तो बांधून व्हायचाय, तुमच्या बेतात त्याचा उपयोग नाही.

गौरीकुंडात पोचल्यावर माणसाला वाटतं, झालं एकदाचं. तर अजून बाजाराच्या गल्लीतून जीपच्या तळापर्यंतची चाल शिल्लक असते, आणि सगळ्यात जास्त पाय मुरगळतात ते इथे. डोकं मोकळं झालेलं, पाय लाकडाचे, वर चढणारे हात जोडून ‘जय भोले, कितना दूर है?’ विचारतायत आणि आपण ‘बस, थोडा ही है’ असं पुण्य लागणारं खोटं बोलतोय. तेवढ्यात पायरी चुकते. रांगेत तुम्ही उभे राहा, आईबाबांना बाजूला टेकू द्या. इथे पोटभर जेवू नका. चहा-बिस्किटं, फार तर थोडा भात. जीपच्या वळणांत राजमा-चावल राहत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी अव्होमिनसारखी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून गाडीच्या अर्धा तास आधी घ्यावी. ती गुंगी आणते, म्हणून चालायच्या किंवा घोड्यावर बसायच्या आधी ती अजिबात नको.

गुप्तकाशी ते ऋषिकेश रस्ता आता पूर्वीपेक्षा रुंद झालाय, तरी दरडी आहेतच. रुद्रप्रयाग आणि (गढवालच्या) श्रीनगरच्या मध्ये सिरोबगड हे नाव ऐकलं की जुने ड्रायव्हरही कपाळाला हात लावतात, आणि देवप्रयागच्या खाली तोताघाटी. रस्ता बंद झाला की तिलवाडा-मयाली-घनसाली-चंबा अशी दुसरी वाट आहे, पण ती अरुंद आणि लांबची. ड्रायव्हरला ती माहीत असेल तरच घ्यावी, गुगलच्या भरवशावर नको. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असता तर मी रेल्वेआधी आणखी एक दिवस मोकळा ठेवायला सांगितला असता. ३१ जुलै २०२४ च्या ढगफुटीत पायवाटच जागोजागी तुटली आणि हजारो यात्रेकरूंना सोडवून आणावं लागलं होतं.

वाटेतल्या दर्शनांचं एक सांगतो, कारण गाडीत बसल्यावर हे विषय निघतातच. धारीदेवी, रुद्रप्रयागचा संगम, देवप्रयागचा संगम, सगळीकडे खाली उतरायला भरपूर पायऱ्या आहेत. आदल्या दिवशी केदारनाथ उतरलेल्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त दुखतात. देवप्रयागचा अलकनंदा-भागीरथीचा संगम रस्त्यावरूनही सुंदर दिसतो, दोन रंगांच्या धारा वेगळ्या ओळखू येतात. तिथूनच नमस्कार करा. आईंना गंगास्नान करायचंच असेल तर ऋषिकेशचा त्रिवेणी घाट किंवा हर की पौडी सोयीची, साखळी धरून बसता येतं. गंगाजलही तिथेच घ्या. झाळून बंद केलेले तांब्याचे गडू हरिद्वारच्या बाजारात मिळतात. डेहराडूनहून विमानाने येणार असाल तर गडू हातातल्या पिशवीत नको, सामानात टाका. सुरक्षा तपासणीत तो काढून ठेवायला लागला तर आई तिथेच रडतील.

घरी पोचल्यावर मांड्या दोन-चार दिवस ओरडणारच, जिना उलटा उतरावासा वाटेल, त्याला औषध लागत नाही. पण एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली, किंवा घरी आल्यावर धाप लागायला लागली, तर थेट डॉक्टरांकडे. लांबच्या रेल्वे प्रवासात पाय लटकवून बसल्याने रक्ताची गुठळी होऊ शकते. गाडीत दोन तासांनी एकदा डब्यातून फेरी मारायला लावा. आणि मावंद्याची तारीख आल्या आल्या पहिल्याच रविवारी धरू नका. शंभर माणसांच्या पंगतीत यजमानीणबाई भिंतीला धरून उभ्या, असं मी पाहिलंय. आठ-दहा दिवस जाऊ द्या, गंगापूजन तेव्हाही तितकंच चांगलं होतं.

तिकिटाचं करायचं ते असं: उतरायचा दिवस धरून तिसऱ्या दिवसाचं हरिद्वार ते मुंबई थेट मिळालं तर ते घ्या. वेटिंग असेल तर हरिद्वार-दिल्ली आणि दिल्ली-मुंबई वेगवेगळं काढा, मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा. दोघांसाठी खालचे बर्थ मिळाले नाहीत तर टीसींना वय सांगून विनंती करा, बहुतेक वेळा कोणीतरी तरुण मुलगा बर्थ बदलून देतो.